उभ्या बसचा ड्रायव्हर

बेंगळूरच्या टिन फॅक्टरी चौकात चाळीस मिनिटं अडकलेल्या बसचा ड्रायव्हर त्या चाळीस मिनिटांत काय करत असतो, काम की आराम? उत्तर द्यायच्या आधी एवढं ऐकून घ्या. तुम्ही 'आराम' म्हणालात तर तुमच्या बाजूला एक बस कंपनी आहे, तिचा मॅनेजर आहे आणि डॅशबोर्डखाली बसवलेलं एक यंत्र आहे. 'काम' म्हणालात तर सुरुवातीला तुमच्या बाजूला एकच माणूस होता. मी त्यांच्याबद्दल लिहिते आहे.

सगळे त्यांना अण्णा म्हणत. एका खाजगी कंपनीची इंदिरानगर ते होसकोटे अशी लोकल बस ते चालवत. मी मल्लेश्वरमहून मेट्रोने इंदिरानगरला येते आणि तिथून होसकोटेच्या एका पॅकिंग कारखान्यात नोकरीला जाते. पहिल्याच दिवशी पुढच्या दाराने चढले, तर एक पांढऱ्या मिशीचा, खाकी शर्टातला माणूस पायरीवर माझी वाट अडवून उभा. चेहरा ओला, पाणी अजून हनुवटीवरून ठिबकत होतं. माझ्यासमोर वाकून त्यांनी दोन बोटांनी खालच्या पापण्या ओढल्या आणि म्हणाले, "कण्णु नोडम्मा."

डोळे बघ. कोणाचे? कशाला? मी फोनवर आईशी बोलत होते. घाबरून मराठीत म्हटलं, "आई, बसचा ड्रायव्हर वेडा आहे वाटतं."

"वेडा असू दे," समोरून मराठीतच उत्तर आलं, "डोळं लाल हायत काय तेवढं सांग."

नव्हते. मी तसं सांगितलं. ते समाधानाने सीटवर जाऊन बसले. मागून कंडक्टर ओरडला, "रैट, रैट! डॉक्टरांनी पास केलं!" आणि बस हलली.

हा रोजचा कार्यक्रम होता. फेरीला पहिला चढेल त्याने अण्णांचे डोळे तपासायचे. लाल असतील तर अण्णा खाली उतरत, नळावर तोंड धूत, आणि पायरीवर दहा मिनिटं डोळे मिटून बसत. कंडक्टर कपाळावर हात मारून घेई, लोक घड्याळं दाखवत. अण्णा हलत नसत. एकदा लॅपटॉपची बॅग लावलेला एकजण वर न बघताच "फाइन, फाइन" म्हणाला. अण्णांनी त्याला खाली उतरवलं आणि मागच्या बाईला आधी चढवलं.

"तुम्हाला कशाला हवं हे?" मी एकदा विचारलं होतं.

"विमानवाल्याला चढायच्या आधी तपासत्यात. माझ्या मागं साठ-पासष्ट माणसं बसत्यात, मला कोण तपासतंय? ज्यांचा जीव हाय त्यांनीच बगावं की."

अण्णा निपाणीकडचे. मी इथली, आमचं घराणं बेंगळुरात कित्येक पिढ्यांचं. आमच्या घरच्या मराठीत कन्नडमधले 'सरी' आणि 'स्वल्प' इतके मुरलेले, की पुण्याची मामेबहीण आली की हसते. अण्णा माझ्या मराठीला हसत आणि मी त्यांच्या. त्यातून ड्रायव्हरच्या मागची पहिली सीट माझी ठरली, आणि त्या सीटवरून मला दोन वर्षं रोज एक गोष्ट दिसत राहिली: अण्णांचा डावा पाय.

बस उभी असली की आपण म्हणतो, उभी आहे. ती उभी नसते. हातभर पुढे सरकते, थांबते, पुन्हा हातभर. दर हातभराला क्लच दाबायचा, सोडायचा, अर्धा धरून ठेवायचा. मी एकदा के.आर. पुरमच्या पुलाखाली मोजायला घेतलं आणि दोनशेनंतर कंटाळून सोडून दिलं. अण्णांना सोडता येत नव्हतं. त्यांचा डावा बूट सहा महिन्यांत झिजे, उजवा नवाच्या नवा राही. चपलांच्या दुकानदाराला ते दर वेळी म्हणत, एकच द्या. तो काही देईना. मग घरी उजव्या बुटांची रांग लागली. अण्णांच्या बायकोने त्यातल्या एकात कोथिंबीर लावली होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

"काकी, ही उगवते का?"

"उगवती. डाव्या पायानं मिळवायचं, उजव्यात पेरायचं," काकी म्हणाल्या. त्या घरात थट्टेला तोटा नव्हता.

खरं तर अण्णा लोकलवर आपल्या पायाने आले होते. आधी ते याच कंपनीची हैदराबादची गाडी चालवत. त्या गाडीला दोन ड्रायव्हर असतात. एकाने ठरावीक तास चालवलं की दुसरा बसतो. पहिल्याला झोपायला मागे जागा ठेवलेली असते. पन्नाशी उलटल्यावर अण्णांना वाटलं, आता घराजवळची सोपी गाडी घ्यावी. त्यांनी अर्ज करून लोकल मागून घेतली. आयुष्यात अर्ज करून मागितलेली ती एकच गोष्ट, आणि तीच चुकली, असं ते सांगत आणि स्वतःच हसत.

कारण लोकलला नियम नव्हता. म्हणजे होता. डेपोच्या भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये होता: ड्रायव्हरने दिवसाला आठ तासांहून जास्त काम करू नये, सलग पाच तास झाले की अर्धा तास विश्रांती घ्यावी. पण फ्रेमच्या खाली एक कागद चिकटवलेला होता. लोकल सेवेसाठी फक्त 'प्रत्यक्ष चाक फिरलेला वेळ' धरला जाईल. चाक फिरतंय की नाही हे यंत्र सांगणार. बस सिग्नलला थांबली, यंत्र थांबलं. स्टॉपवर थांबली, यंत्र थांबलं. टिन फॅक्टरीला चाळीस मिनिटं अडकली, तर यंत्राच्या हिशोबी अण्णांनी चाळीस मिनिटं विश्रांती घेतली. सकाळी सहाला स्टिअरिंगवर बसलेला माणूस संध्याकाळी सहाला उतरे, आणि कागदावर त्याचे साडेपाच तास भरत. उरलेला दिवस त्याने बेंगळूरच्या रस्त्यांवर आराम केला!

मी पत्रकांत वाढलेली मुलगी आहे. वडील एका कामगार संघटनेच्या कचेरीत होते, आणि आमच्या घरी गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. रविवारी जेवणं झाली की आम्ही भावंडं त्यांच्या घड्या घालत बसायचो. तो चिकटवलेला कागद अण्णांनी मला पहिल्यांदा दाखवला तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अण्णा मात्र शांत होते. मला त्या शांतपणाचा राग यायचा. मला वाटायचं, हा माणूस डोळे धुतो, बूट झिजवतो, पण बोलत नाही.

मग तो मंगळवार उजाडला. मी आधीच दोनदा उशिरा पोचले होते आणि सुपरवायझरने बजावलं होतं, तिसऱ्यांदा अर्धी रजा कापेन. टिन फॅक्टरीच्या अलीकडे बस अडकली. पुढे कुठे तरी ट्रक बंद पडला होता. पाच मिनिटं झाली, दहा झाली. अण्णांनी बस हळूहळू डाव्या कडेच्या बस थांब्यावर घेतली, इंजिन बंद केलं, आणि सीटमागून एक चटई काढली.

"अण्णा?" कंडक्टर म्हणाला.

"अर्धा तास विश्रांती. कंपनी म्हणती मी ट्रॅफिकमध्ये आराम करतो. रोज करतो म्हणती. आज करून बगतो."

त्यांनी बूट काढले, पुढच्या दाराजवळच्या मोकळ्या जागेत चटई अंथरली, डबा उघडला आणि भाकरी, शेंगांची चटणी खायला बसले. पहिल्या सीटवरच्यांना विचारलंही, "बन्नी, ऊट माडी," या, जेवायला बसा. एका म्हाताऱ्याने खरोखर चतकोर घेतली. जेवण झाल्यावर अण्णा आडवे झाले आणि तोंडावर टॉवेल ओढला.

वीस मिनिटांनी रस्ता मोकळा झाला. गाड्या सुटल्या. आमच्या बसमध्ये गलका उडाला.

"अण्णा, उठा! रस्ता सुटला!"

टॉवेलखालून आवाज आला, "धा मिनिटं ऱ्हायली."

लोक ओरडले, शिव्याही दिल्या. आणि हे लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, की सगळ्यांत मोठ्याने मी ओरडले. "अण्णा, माझी रजा जाईल! तुमचं भांडण कंपनीशी आहे, आमच्यावर कशाला काढता?" नियम, हक्क, विश्रांती, आमच्या घरातल्या प्रत्येक पत्रकातला प्रत्येक शब्द त्या दहा मिनिटांत माझ्या डोक्यातून साफ उडाला होता.

अण्णांनी टॉवेल बाजूला केला. "तुझी अर्धी रजा जाईल, खरं हाय. हितं लोकलवर माझी वर्षं गेली, ती कुठल्या रजेत धरायची सांग." आणि टॉवेल परत ओढला.

तेवढ्यात वाहतूक पोलीस आला. तो आधी रागातच होता. कंडक्टरने त्याला सगळा प्रकार कन्नडमध्ये सांगितला. यंत्र, चाक, आराम. पोलीस खाली वाकून अण्णांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मीपण सकाळपासून या चौकात उभाच आहे. माझं काय धरत असतील कोण जाणे." त्याने चलान लिहिलं, अण्णांच्या बुटाखाली नीट ठेवलं, आणि दहा मिनिटं पुरी होईपर्यंत दारात उभा राहून कुणाला त्यांना हलवू दिलं नाही.

माझी अर्धी रजा गेली. अण्णांची नोकरी त्याच संध्याकाळी थांबवली गेली. चौकशी होईपर्यंत घरी बसा, असं सांगितलं. माफीपत्र लिहून दिलं तर विचार करू, असंही सांगितलं. सत्तावन्नाव्या वर्षी नोकरीवरून काढलेल्या ड्रायव्हरला दुसरी कंपनी दारात उभं करत नाही. हे त्यांना माहीत होतं, कंपनीलाही माहीत होतं.

मला झोप लागेना. मी ओरडले होते त्याची भरपाई म्हणून पत्रक लिहायला बसले. राग मला मराठीत येतो, म्हणून ते मराठीत उतरलं. दोन पानं. रक्त, घाम, पिळवणूक, भांडवलाचं राक्षसी चाक, सगळं घातलं. दोनशे प्रती काढल्या आणि सकाळी बसमध्ये वाटल्या. बसमध्ये कन्नड, तेलुगू, तमिळ, ओडिया माणसं! माझ्या शेजारच्या ओडिया मुलीने शाळेतल्या हिंदीच्या बळावर अक्षर अक्षर लावत वाचलं आणि फार आपुलकीने विचारलं, "दीदी, ये पिळवणूक क्या होता है?" बाकीच्यांनी त्या कागदात वडे बांधून घेतले.

एक प्रत घेऊन अण्णांच्या घरी गेले. त्यांनी बोट ठेवून सगळं वाचलं, शेवटच्या ओळीपर्यंत.

"लई भारी लिवलंयस. रक्त हाय, घाम हाय. पण ह्यात क्लच कुठं हाय, पत्रकवाली?"

मी कागद परत घेऊन पहिल्या ओळीपासून शोधायला लागले.

"वाचणारा म्हणंल, असंल बाबा कुठं तरी कुणाचं तरी रक्त. त्याच्या पुढ्यात बसलेला ड्रायव्हर त्याला दिसाय पाहिजे."

त्या एका वाक्याने मला जे शिकवलं ते घरातल्या पत्रकांच्या गठ्ठ्यांनी शिकवलं नव्हतं. कंडक्टरला हाताशी धरून मी कन्नडमध्ये नवं पत्रक केलं. तीनच ओळी: कंपनी म्हणते, ट्रॅफिकमध्ये ड्रायव्हर आराम करतो. तुम्ही त्याच्या मागे बसता. तुम्हाला काय दिसतं? या वेळी वडेवाल्याकडे एकही प्रत गेली नाही. लोक वाचत, आणि मान उचलून पुढे, नव्या ड्रायव्हरच्या पायाकडे बघत.

चौकशीला अण्णांनी मला बरोबर नेलं. "लिवून घ्यायला माणूस पाहिजे," म्हणाले. मॅनेजर तरुण होता, सभ्य होता. त्याने आम्हाला कॉफी मागवली. तो वाईट माणूस असता तर मला सोपं गेलं असतं.

"अण्णा," तो म्हणाला, "तुमची लोकल आहे. अर्ध्या अर्ध्या किलोमीटरला स्टॉप, सिग्नल, जॅम. तुम्ही चालवता कमी, बसून असता जास्त. हैदराबादच्या गाडीवाल्याशी तुमची बरोबरी कशी करायची? लोकलला तोच नियम लावला तर मला दुप्पट ड्रायव्हर ठेवावे लागतील. तिकीट वाढेल. मग हेच लोक तुम्हाला शिव्या देतील."

"देतील," अण्णा म्हणाले. "मंगळवारी दिल्याच की. ही सगळ्यांत पुढं होती." माझे कान तापले. "पण हैदराबादची मी नऊ वर्षं चालवलीया साहेब. तिथं गाडी लायनीला लागली की डावा पाय पाहुण्यागत बसून असतो. लोकलला उभं ऱ्हाणं हेच काम हाय. आरशात बगायचं, दार बगायचं, स्कूटरवाला डावीकडनं घुसला काय बगायचं, म्हातारी उतरली काय बगायचं. चाक फिरत असतं तवाच उलट जरा बरं वाटतं."

"पण यंत्रात तसं दिसत नाही ना."

अण्णा खाली वाकले. मला वाटलं, पाया पडतात की काय. त्यांनी दोन्ही बूट काढले आणि मॅनेजरच्या काचेच्या टेबलावर, कॉफीच्या कपांशेजारी ठेवले.

"हे काय?"

"एकाच दिवशी घेतलेत, एकाच डब्यातनं. उजवा बगा. आता डावा बगा. आराम करून बूट झिजतो व्हय साहेब?"

डाव्याच्या तळव्याला अंगठ्याखाली आरपार भोक होतं. मॅनेजरने बूट उलटा केला आणि भोकात बोट घालून पाहिलं. मग त्याने बूट खाली ठेवला. म्हणाला, "ठीक आहे. तुमचा उभा वेळ धरतो. तुमचा. लेखी देत नाही, पण धरतो. माफीपत्रावर सही करा आणि उद्यापासून गाडी घ्या."

मी पेन पुढे केलं. हेही कबूल करते. मला वाटलं, जिंकलो.

अण्णांनी कॉफी संपवली. सगळी, तळाच्या साखरेसकट. मग विचारलं, "टिन फॅक्टरीला माझीच एकट्याची बस अडकती काय?"

मॅनेजरने रिकामे कप बाजूला सरकवले.

"माझ्या मागनं नऊ गाड्या येत्यात," अण्णा म्हणाले, बूट चढवले, आणि त्याला नमस्कार करून बाहेर पडले.

जिन्यावर मी रडायच्या बेतात होते. "अण्णा, सही केली असती तर काय बिघडलं असतं?"

"मग उद्या सकाळी पहिला माणूस चढल्यावर त्याच्या तोंडासमोर डोळं घेऊन कसा उभा ऱ्हायलो असतो?"

मी आजवर पुष्कळ भाषणं ऐकली आहेत, काही केलीही आहेत. त्या जिन्यावर, एका बुटाला भोक असलेल्या त्या माणसाच्या शेजारून उतरताना मला जेवढा अभिमान वाटला तेवढा कुठल्याही व्यासपीठाखाली वाटला नाही.

याला चार महिने झाले. अण्णांची नोकरी परत मिळालेली नाही. काकी शेजारच्या मेसमध्ये पोळ्या करायला जातात, आणि त्याची थट्टा त्या अजून करतात, पण पूर्वीपेक्षा कमी. अण्णा रोज सकाळी तिकीट काढून आपल्याच मार्गावरच्या बसमध्ये बसतात. माझ्या शेजारी, ड्रायव्हरच्या मागे. बस कुठे थांबली, किती वेळ थांबली, ते लिहून घेतात. सुरुवातीला ड्रायव्हर वैतागले. "अण्णा, आमची पण घालवता का?" असं एकाने तोंडावर विचारलं. आता नऊपैकी सहाजणांनी कामगार खात्याकडे दिलेल्या अर्जावर सह्या केल्या आहेत. मागणी एकच: लोकल बसच्या ड्रायव्हरलाही तासांचा तोच नियम लावा, आणि स्टिअरिंगवर बसल्यापासून उतरेपर्यंतचा सगळा वेळ काम म्हणून धरा.

कामगार अधिकाऱ्यांनी अर्ज ठेवून घेतला आहे. पण त्यांनी सांगितलं, ड्रायव्हर स्वतःच्या बाजूने बोलणार, यंत्र कंपनीचं. तिसऱ्या कुणाची साक्ष हवी.

तिसरे कोण आहेत? आपणच की. रोज त्या बसमध्ये बसणारे, उशीर झाला म्हणून ओरडणारे.

तेव्हा तुमच्याकडे एकच मागते. तुमचं शहर कुठलंही असो, बस सरकारी असो की खाजगी. या आठवड्यात एका दिवसाचं लिहा. कुठली बस, कुठे किती वेळ अडकली, आणि त्या वेळात ड्रायव्हरचे हातपाय काय करत होते. जे दिसलं तेवढंच, आपल्या भाषेत, अर्धं पान. खाली पूर्ण नाव आणि सही. मग तो कागद आपल्या भागातल्या कामगार कचेरीत स्वतः जाऊन द्या. खिडकीवरचा कारकून म्हणेल, ठेवून जा, बघू. ठेवून जाऊ नका. पोच मागा, आणि शिक्का मारून हातात पडेपर्यंत तिथून हलू नका.